बुद्धिबळातील ‘महिला गट’ आणि नागपूरच्या दिव्या देशमुखची वाटचाल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी या समुद्रकाठच्या शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीचा पराभव करून महिला विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली. त्या वेळी दिव्याचे वय १९ वर्षे होते. हंपी तिच्याहून १८ वर्षांनी मोठी असून दिव्याच्या जन्मापूर्वीच, २००२ मध्ये, ती ग्रँडमास्टर झालेली होती. या विजयाबरोबर दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. भारतीय महिलांत हा किताब मिळविणारी ती चौथी होय. हंपी, द्रोणवल्ली हरिका आणि आर. वैशाली या तिच्या पूर्वीच्या तिघी. चौघींमध्ये महाराष्ट्राची ती पहिलीच.

या यशाचे वर्णन त्या वेळी बहुतेक ठिकाणी ‘अनपेक्षित’ या शब्दात झाले. स्पर्धेत १५ वे मानांकन असलेली खेळाडू विजेती होते, तेव्हा असे वर्णन होणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता या घटनेतील अधिक लक्षणीय बाब वेगळीच आहे. ग्रँडमास्टर हा खुला किताब आहे, तो स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. दिव्याला तो मिळाला मात्र केवळ स्त्रियांसाठी असलेल्या स्पर्धेतून, आणि तोपर्यंत त्या किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या नावावर नव्हता. खुल्या दालनात तिचा प्रवेश महिलांच्या दारातून झाला. हे दार कोणी व कशासाठी बांधले, त्याने किती जणींना आत घेतले आणि किती जणींना उंबरठ्यावरच थांबवून ठेवले, हा प्रश्न दिव्याच्या वाटचालीच्या निमित्ताने पुन्हा पाहण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

१९७६ : एकाच वर्षातील दोन घटना

भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये बंगळूर येथे झाली. ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्यांनी पुढील दशकभर या स्पर्धेचे विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. एकाच घरातील तीन बहिणींनी एखाद्या राष्ट्रीय स्पर्धेवर अशी सत्ता गाजविल्याचे उदाहरण भारतीय क्रीडेतिहासात दुर्मीळच म्हणावे लागेल. महिला बुद्धिबळाचा भारतातील आरंभकाळ हा अशा रीतीने बऱ्याच अंशी मराठी घराचा इतिहास आहे. त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे व अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी ती परंपरा नव्वदच्या दशकापर्यंत नेली.

तथापि या इतिहासातील खरी कलाटणी विजेतेपदांमुळे मिळाली नाही. ती एका आक्षेपामुळे मिळाली. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. एका मुलीने पुरुषांबरोबर खेळावे की नाही, यावर गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल रोहिणीच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे (फिडे) तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. युवे हे हॉलंडचे. १९३५ मध्ये अलेखाइनसारख्या खेळाडूला हरवून ते जगज्जेते झाले होते आणि व्यवसायाने ते गणिताचे अध्यापक होते. गिरगावातील एका शाळकरी मुलीच्या नावाने सुरू झालेल्या वादातून जगभरच्या स्त्रियांना लागू होणारा नियम स्पष्ट व्हावा, ही घटना आज मराठी वाचकांच्या स्मरणातही फारशी राहिलेली नाही, याचे आश्चर्य वाटते.

त्याच १९७६ मध्ये फिडेने ‘महिला ग्रँडमास्टर’ हा नवा किताब सुरू केला. ‘महिला आंतरराष्ट्रीय मास्टर’ हा किताब १९५० पासून होताच. म्हणजे ज्या वर्षी एका बाजूने खुल्या स्पर्धेचे दार स्त्रियांना कायद्याने उघडले, त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने त्यांच्यासाठी स्वतंत्र उतरंडही अधिक उंच करण्यात आली. या दोन निर्णयांत परस्परविरोध आहे असे त्या काळी कोणाला जाणवले नसावे. पुढील पन्नास वर्षे मात्र महिला बुद्धिबळ याच दोन निर्णयांच्या मध्ये उभे राहिले.

स्वतंत्र गटाचे गणित

ग्रँडमास्टर होण्यासाठी २५०० गुणांकन गाठावे लागते आणि किमान २७ डावांतून नॉर्म मिळवावे लागतात. साधारणतः असे तीन नॉर्म होतात. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी करून दाखविणे. त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी गुणांकन किमान २३८० असावे लागते आणि त्यांत किमान तीन ग्रँडमास्टर असावे लागतात. महिला ग्रँडमास्टर किताबाला मात्र २३०० गुणांकन पुरते. खुल्या किताबांच्या उतरंडीत एवढे गुणांकन ‘फिडे मास्टर’ या बऱ्याच खालच्या पायरीला लागते.

या नियमांचा व्यवहारातील परिणाम ध्यानात घेणे आवश्यक आहे. जगात आजवर ग्रँडमास्टर झालेल्या स्त्रियांची संख्या पन्नासच्याही आत आहे. त्यामुळे केवळ महिलांच्या स्पर्धेत, मग ती राष्ट्रीय असो की खंडीय, तीन ग्रँडमास्टर आणि २३८० ची सरासरी एकत्र जुळून येणे अतिशय अवघड असते. एखादी मुलगी सर्व डाव जिंकली तरी तेथे तिला ग्रँडमास्टरचा नॉर्म मिळेलच असे नाही. कमी गुणांकनाच्या खेळाडूंशी खेळताना विजयातून मिळणारे गुण थोडे आणि बरोबरीतून जाणारे गुण अधिक असतात, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. याउलट पदके, राष्ट्रीय संघातील जागा, शासनाचे पुरस्कार, परदेशी स्पर्धांची निमंत्रणे आणि बक्षिसाची रक्कम या सर्व गोष्टी बहुतांशी महिला गटातूनच मिळतात. मध्यमवर्गीय घरातील मुलीच्या पालकांपुढे निवड करण्याची वेळ आली तर ते काय निवडतील, हे सांगण्यास बुद्धिबळाचे ज्ञान लागत नाही.

अर्थात दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्वतंत्र गट नसता तर अनेक मुली दहाव्या-बाराव्या वर्षीच पट गुंडाळून ठेवत्या. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारने महिलांच्या स्पर्धांकडे पाठ फिरविली व १९९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर होऊन पुरुषांच्या पहिल्या दहांत स्थान मिळविले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. परंतु पोल्गार कुटुंबाने मुलींचे सारे शिक्षण घरीच या एका खेळाभोवती रचले होते. ते सर्वांनी गिरवावे असे उदाहरण नव्हे.

नागपूर : एकाच डिसेंबरातील दोन मुले

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ रोजी नागपूर येथे झाला. तिचे आई-वडील, डॉ. नम्रता व डॉ. जितेंद्र देशमुख, दोघेही वैद्यकीय व्यवसायात. थोरली बहीण बॅडमिंटनकडे वळली आणि दिव्या पाचव्या वर्षी बुद्धिबळाकडे. शिक्षण सिव्हिल लाइन्समधील भवन्स भगवानदास पुरोहित विद्या मंदिरात झाले. पहिले प्रशिक्षक नागपूरचेच राहुल जोशी. २०१२ मध्ये ती सात वर्षांखालील मुलींच्या गटात राष्ट्रीय विजेती ठरली. २०१४ मध्ये डर्बन येथे दहा वर्षांखालील आणि २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद तिने पटकावले.

याच शहरात, तिच्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, २२ डिसेंबर २००५ रोजी रौनक साधवानी याचा जन्म झाला. रौनक २०१९ मध्ये, वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधी, भारताचा ६५ वा ग्रँडमास्टर झाला. त्याच्यानंतर नागपूरच्याच संकल्प गुप्ताने २०२१ मध्ये सर्बियात केवळ २४ दिवसांत तिन्ही नॉर्म पूर्ण करून ७१ वा ग्रँडमास्टर होण्याचा मान मिळविला. त्याच २०२१ मध्ये दिव्या महिला ग्रँडमास्टर झाली. विदर्भातून हा किताब मिळविणारी ती पहिली. खुला ‘इंटरनॅशनल मास्टर’ किताब तिला २०२३ मध्ये मिळाला आणि ग्रँडमास्टर किताब २०२५ मध्ये.

एकच शहर, एकच महिना, जवळपास सारख्याच सोयी. आणि सर्वोच्च किताबात सहा वर्षांचे अंतर. या तुलनेवरून दोघांच्या प्रतिभेचे माप काढणे गैर ठरेल. दोन व्यक्तींच्या उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना सांगावयास नको. तरीही दोघांचे स्पर्धांचे मार्ग भिन्न होते, ही वस्तुस्थिती दुर्लक्षिता येत नाही. संकल्पने ज्या प्रकारच्या युरोपीय स्पर्धांतून नॉर्म गोळा केले, त्या स्पर्धा केवळ नॉर्म मिळविण्यासाठीच भरविल्या जातात. दिव्याचे त्या वयातील वेळापत्रक मात्र मुलींच्या व महिलांच्या विजेतेपदांनी भरलेले होते. ती पदके मिळवीत होती, पण ग्रँडमास्टर किताबाच्या हिशेबात त्यांतील बहुतेकांची नोंद होत नव्हती.

नागपूरविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. महाराष्ट्रातील बुद्धिबळाची केंद्रे दीर्घकाळ मुंबई, पुणे व सांगली ही होती. प्रवीण ठिपसे (१९९७) व अभिजित कुंटे (२०००) हे राज्याचे आरंभीचे ग्रँडमास्टर त्याच पट्ट्यातले. विदर्भाच्या वाट्याला या नकाशावर फारसे काही नव्हते. दोन-अडीच वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या तीन मुलांनी तो नकाशा बदलला. त्यामागे एखादी मोठी शासकीय योजना होती असे दिसत नाही. शहरातील मोजके प्रशिक्षक आणि खर्च पेलू शकणारी, आई किंवा वडिलांपैकी एकाला महिनोन्‌महिने मुलाबरोबर प्रवासाला पाठवू शकणारी कुटुंबे, एवढेच भांडवल होते. ज्या घरांना ते शक्य नव्हते, त्यांच्या मुलांची नावे या इतिहासात येत नाहीत.

राहुल जोशी यांचे २०२० मध्ये अकाली निधन झाले. दिव्याने ग्रँडमास्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. बाटुमीहून परतल्यावर दिव्याने आपल्या यशाचे श्रेय देताना त्यांचा आवर्जून उल्लेख केला. गावपातळीवरच्या पहिल्या प्रशिक्षकाचे नाव सहसा एवढ्या वरपर्यंत पोहोचत नाही.

२०२० ते २०२४ : महिला गटातील चढण

करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, ऑलिम्पियाड संगणकाच्या पडद्यावर झाले व भारत आणि रशिया यांना संयुक्त सुवर्णपदक मिळाले. चौदा वर्षांची दिव्या त्या संघात होती. या संघांत महिला व कनिष्ठ मुलींसाठी पट राखून ठेवलेले होते. २०२२ मध्ये भुवनेश्वर येथे ती राष्ट्रीय महिला विजेती झाली आणि लगोलग कोल्हापूरच्या स्पर्धेत तिने ते विजेतेपद राखले. २०२३ मध्ये अल्माटी येथे आशियाई महिला विजेतेपद आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या टाटा स्टील जलद स्पर्धेत तत्कालीन महिला जगज्जेती जू वेनजुन हिला मागे टाकून पहिला क्रमांक, असा हा क्रम होता.

जानेवारी २०२४ मध्ये तिला हॉलंडमधील वाइक आन झी येथील प्रसिद्ध स्पर्धेच्या ‘चॅलेंजर्स’ गटात खेळण्याची संधी मिळाली. हा गट खुला होता. येथे ती खालच्या क्रमांकांवर राहिली. परंतु ही स्पर्धा निकालापेक्षा तिने नंतर जाहीरपणे जे लिहिले त्यामुळे लक्षात राहिली. प्रेक्षकांपैकी अनेकांना तिच्या डावात रस नसून तिचे कपडे, केस व उच्चार यांविषयीच बोलायचे असते, ही तिची तक्रार होती. पुरुष खेळाडूंच्या खेळाची चर्चा होते, स्त्री खेळाडूच्या बाबतीत मात्र खेळ वगळून बाकी सर्व गोष्टींची चर्चा होते, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. अठरा वर्षांच्या मुलीने हे नावानिशी लिहावे, याला धैर्य लागते. युवे यांच्या निर्णयाने स्त्रीला पटावर बसण्याचा हक्क मिळाला होता. पटासमोर बसल्यावर तिच्याकडे कसे पाहिले जाईल, हे कोणत्याही निर्णयाच्या कक्षेत येत नव्हते, आणि युवे यांच्याच देशात त्याची प्रचिती यावी हा योगायोग.

पाच महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा तिने ११ पैकी १० गुणांसह जिंकली. भारताकडून हा मान यापूर्वी हंपी, हरिका आणि पुण्याची सौम्या स्वामिनाथन यांनी मिळविला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाने इतिहासात प्रथमच सुवर्णपदक जिंकले. संघाचे कर्णधार अभिजित कुंटे होते. तिसऱ्या पटावर दिव्याने अकराही फेऱ्या खेळून ९.५ गुण मिळविले आणि वैयक्तिक सुवर्णपदकही पटकाविले. अकरा फेऱ्यांच्या स्पर्धेत एकही फेरी विश्रांती न घेणे, हे कर्णधाराचा तिच्यावरील विश्वास व तिची शारीरिक क्षमता या दोहोंचे निदर्शक होय.

बाटुमी, २०२५

महिला विश्वचषकात १०७ खेळाडू होत्या. बाद पद्धतीची ही स्पर्धा. प्रत्येक फेरीत दोन दीर्घ डाव आणि बरोबरी झाल्यास जलद डाव. दिव्याच्या वाट्याला आलेल्या प्रतिस्पर्धी पाहता तिला कोणतीही फेरी सोपी गेली असे म्हणता येत नाही. चौथ्या फेरीत तिने दुसरे मानांकन असलेल्या चीनच्या झू जिनर हिला जलद डावांत हरविले. उपान्त्यपूर्व फेरीत हरिकाला नमविले. उपान्त्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिच्याविरुद्धचा निर्णायक डाव १०१ चालींपर्यंत चालला. अंतिम फेरीत हंपीबरोबरचे दोन्ही दीर्घ डाव व पहिला जलद डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने विजय मिळविला. अंतिम गुण २.५–१.५. अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीय असल्याने विश्वचषक कोणत्या देशाकडे जाणार, हे आधीच ठरलेले होते.

विश्वचषक विजेतीला ग्रँडमास्टर किताब थेट मिळण्याची नियमांत तरतूद आहे. त्यामुळे नॉर्मची अट तिच्यापुरती बाजूला पडली. यावर काही जाणकारांनी नाके मुरडली. किताब ‘आडवाटेने’ मिळाला, असा सूर निघाला. या आक्षेपात फारसे तथ्य नाही. जगातील पहिली महिला ग्रँडमास्टर, जॉर्जियाचीच नोना गाप्रिंदाश्विली, हिलाही १९७८ मध्ये हा किताब देताना डावांच्या नेमक्या संख्येचा आग्रह फिडेने धरला नव्हता. जे नियम स्त्रियांना नॉर्म मिळणे अवघड करतात, त्याच नियमांनी ठेवलेली ही पळवाट नसून भरपाई आहे, असेच म्हणावे लागेल.

पैशाचा हिशेब मात्र अधिक बोलका आहे. बाटुमीच्या विजेतीला ५०,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याचे बक्षीस १,२०,००० डॉलर होते. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर येथे सत्कार करून दिव्याला तीन कोटी रुपये दिले, तेव्हा ही तफावत तिच्यापुरती भरून निघाली. बाटुमीत पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाद झालेल्या मुलींपर्यंत असे सत्कार पोहोचत नाहीत.

खुल्या गटाकडे

विश्वचषकानंतर दिव्याने घेतलेला निर्णय या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंद येथील ग्रँड स्विस स्पर्धेत ती महिला गटाऐवजी खुल्या गटात खेळली. तेथे तिने जगज्जेत्या डी. गुकेशला बरोबरीत रोखले. नोव्हेंबरमध्ये गोव्यातील विश्वचषकात २०६ खेळाडूंत ती एकमेव स्त्री होती. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या स्तामातिस कुर्कुलोस-आर्दितिस याच्याकडून दोन्ही डाव गमावून ती बाहेर पडली. तिला खास प्रवेशपत्रिका का दिली, अशी चर्चा झाली. पण मुंबईच्या रोहिणीप्रमाणे न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ तिच्यावर आली नाही. बाटुमीच्या विजयाने तिला मिळालेली पुढची मोठी पात्रता मात्र २०२६ च्या महिला कँडिडेट्स स्पर्धेची होती. तीही महिला गटातीलच.